गोठा आणि ऊस : हिशेब एकाच वहीत मांडा



आपल्या कार्यक्षेत्रातल्या बहुतेक सभासदांकडे उसाबरोबर दोन-चार दुभती जनावरे आहेत. उसाचे बिल वर्षाकाठी येते. आडसाली लागण केली तर लागणीपासून तोडीपर्यंत सोळा-अठरा महिने थांबावे लागते. तोवर घरखर्च, मुलांच्या फिया, किराणा आणि दवाखाना चालतो तो दर दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या बिलावर. उसाला मोठेपणा असला तरी रोजचा संसार गोठ्यावरच चाललेला असतो.

असे असूनही आपण उसाचा हिशेब एका बाजूला ठेवतो आणि गोठ्याचा दुसऱ्या बाजूला. उसाचा हिशेब पुरुषांच्या डोक्यात, दुधाचा घरच्या बायकांच्या डोक्यात, आणि शेणाचा तर कुणाच्याच डोक्यात नसतो. दोन्ही एकत्र मांडल्याशिवाय आपली शेती फायद्यात आहे की तोट्यात, हे कळत नाही. गाय वाढवावी की कमी करावी, ऊस किती गुंठे ठेवावा, खताची किती पोती आणावीत, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत अडकलेली आहेत. म्हणून या पाठात चारा, खुराक आणि खत यांचा एकत्र विचार केला आहे.

पूर्वी काय होते?

ट्रॅक्टर येण्याआधी प्रत्येक बागायतदाराच्या दावणीला बैल असायचे. बैलांसाठी कडबा लागे, म्हणून ज्वारी होई. बैलांचे शेण रानात पडे, म्हणून रान जिवंत राही. १९६७ साली उरुळी कांचन येथे मणिभाई देसाई यांनी 'बाएफ' ही संस्था सुरू केली आणि पुढे संकरित गायींचा प्रसार गावोगाव झाला. १९७० साली दुधाचा महापूर योजना सुरू झाली आणि दूध संस्थांचे जाळे वाढत गेले. गोठ्यात बैलाच्या जागी गाय आली. पण ज्वारीच्या जागी ऊस आला, आणि गायीसाठी चारा कुठे पिकवायचा, हा प्रश्न तसाच राहिला. १९७२ च्या दुष्काळात चाऱ्यावाचून दावणी रिकाम्या झाल्या. २०१८-१९ मध्ये पुन्हा चारा छावण्या उघडाव्या लागल्या आणि उभा ऊस जनावरांपुढे टाकावा लागला. पाऊस आपल्या हातात नाही, पण चाऱ्याचे माप आपल्या हातात आहे.

पहिला हिशेब : चाऱ्याचा

समजा, एका सभासदाची चार एकर बागायत आहे. त्यात लागण आणि खोडवा मिळून तीन एकर ऊस. २० गुंठे कायम चाऱ्याला. उरलेल्या २० गुंठ्यांत पावसाळ्यात सोयाबीन आणि त्यावर शाळू. गोठ्यात दोन संकरित गायी, एक म्हैस आणि दोन कालवडी. दोन कालवडी मिळून एक मोठे जनावर धरू. म्हणजे हिशेबाला चार जनावरे झाली.

एका मोठ्या जनावराला रोज साधारण २० किलो हिरवा चारा आणि ५ किलो वाळला चारा धरावा. चार जनावरांना रोज ८० किलो हिरवा, म्हणजे वर्षाला २९ टनांच्या वर. वाळला रोज २० किलो, म्हणजे वर्षाला ७ टन ३०० किलो. ही झाली गरज. आता घरचा पुरवठा पाहू. आकडे मुद्दाम हात राखून धरले आहेत. चांगली निगा राखणाऱ्याला जास्तही मिळेल.

१) संकरित नेपियर, १५ गुंठे : गुंठ्याला वर्षाला १ टन २०० किलो धरून १८ टन.
२) लसूणघास, ५ गुंठे : गुंठ्याला ८०० किलो धरून ४ टन.
३) शाळू निघाल्यावर १० गुंठ्यांत उन्हाळी मका : ४ टन.
४) उसाचे वाढे : यंदा दोन एकर ऊस तोडीला आला आणि एकरी ४० टन उतारा पडला, तर ऊस ८० टन. वाढे त्याच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतके, म्हणजे ८ टन. त्यातले निम्मे टोळीकडे गेले असे धरून आपल्या वाट्याला ४ टन.

एकूण ३० टन हिरवा चारा. गरज २९ टनांची. म्हणजे हिरव्याची तोंडमिळवणी झाली. वाळल्याचे मात्र तसे नाही. सोयाबीनचे भुसकट आणि शाळूचा कडबा मिळून फार तर दोन टन होईल. पाच टनांच्या वर विकत घ्यावाच लागेल. तो शाळूची काढणी झाली की लगेच घेऊन रचून ठेवावा. वैशाखात शोधायला निघालात, तर भाव विकणारा सांगेल तो.

आता खरा प्रश्न. या सभासदाला आणखी एक गाय घ्यायची आहे. बाजारात गाय पसंत पडली, संस्थेतून कर्जही मिळते. घ्यावी का? हिशेब सांगतो की, त्या एका गायीला वर्षाला ७ टन ३०० किलो हिरवा आणि १ टन ८०० किलो वाळला चारा जादा लागेल. शिल्लक तर काहीच नाही. म्हणजे तिच्यासाठी नेपियर आणखी सहा गुंठे लावावे लागेल. ते सहा गुंठे उसातून काढले, तर एकरी ४० टनांच्या हिशेबाने सहा टन ऊस कमी झाला. सहा टन उसाचे बिल, जादा कडबा, जादा खुराक, कर्जाचे व्याज आणि घरच्या माणसाचे कष्ट एका बाजूला लिहा. दुसऱ्या बाजूला गायीचे वर्षाचे दूध, वासरू आणि शेणखत लिहा. दुधाची बाजू जड झाली तर गाय जरूर घ्या, पण आधी नेपियर लावा आणि मग गाय आणा. चारा नसताना आणलेली गाय कडब्याच्या आणि पेंडीच्या उधारीत दुधाचे बिल खाऊन टाकते. आणि ती भाकड पडली की विकण्याची वेळ येते, तीही पडत्या भावात.

वाढ्याविषयी थोडे स्पष्ट

हंगामात वाढे मुबलक असतात. आपल्या भागात जुन्या रिवाजाप्रमाणे वाढे ऊसतोड टोळीचे. ते त्यांच्या बैलांना घालतात, उरलेल्या मोळ्या विकतात. या मोळ्या स्वस्त पडतात म्हणून चार-पाच महिने गायीपुढे दुसरे काहीच पडत नाही. इथेच नुकसान होते.

वाढ्याने पोट भरते, पण त्यात प्रथिने फार कमी. वाळलेल्या वजनावर पाहिले तर वाढ्यात प्रथिने पाच-सहा टक्क्यांच्या आसपास, लसूणघासात १८ ते २० टक्के. शिवाय वाढ्यात ऑक्झॅलेट नावाचा घटक असतो. तो चाऱ्यातला चुना, म्हणजे कॅल्शियम, बांधून ठेवतो. ते कॅल्शियम जनावराच्या अंगी लागत नाही. दुभत्या जनावराच्या दुधातून तर रोज कॅल्शियम बाहेर जात असते. मग ते हाडांतून काढले जाते. जनावर खंगते, दूध आटते, माज नीट दिसत नाही, गाभ धरायला उशीर होतो. व्याल्यावर गाय अंग टाकून बसते, मान एका कुशीवर वळवून पडते, कान गार लागतात. हा दुग्धज्वर. नाव ज्वराचे असले तरी अंग गार पडते. अशा वेळी घरगुती उपाय करीत बसू नये, तडक पशुवैद्यकास बोलवावे.

म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) वाढे हिरव्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नकोत. एका जनावराला रोज सहा-सात किलो पुरे. बाकी नेपियर, मका आणि लसूणघास.
२) वाढ्याबरोबर द्विदल चारा हवाच. लसूणघास नसेल तर चवळी करा. मात्र ओला, दव पडलेला लसूणघास उपाशी पोटी भरपूर घालू नये, पोटफुगी होते. आधी थोडा कडबा घालावा.
३) प्रत्येक मोठ्या जनावराला रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्यावे. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडण्याची पद्धतही आहे. तिचे प्रमाण आपल्या पशुवैद्यकास विचारून ठरवावे.
४) वाढे कडबाकुट्टीतून काढूनच घालावे. अख्खी मोळी टाकली तर जनावर शेंडा खाते आणि बाकी पायाखाली तुडवते.
५) ज्या रानात तणनाशक मारले आहे तिथले बांधावरचे गवत किंवा उसातले तण खुरपून गोठ्यात आणू नये.

हंगामात एकदम मिळणारे वाढे पुढच्या महिन्यांसाठी टिकवायचे असतील, तर मुरघास करावा. तीन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि दीड मीटर खोल खड्डा पावणेसात घनमीटरचा होतो. घनमीटरला ५०० ते ६०० किलो कुट्टी बसते. म्हणजे आपल्या वाट्याचे चार टन वाढे एका खड्ड्यात जवळजवळ मावतात. खड्ड्याला प्लॅस्टिकचा कागद लावावा, कुट्टी बारीक करावी, थर देत पायाने किंवा ट्रॅक्टरने चेपावी. आत हवा राहिली की बुरशी आलीच. वरून कागद आणि माती घालून बंद करावे. दीड-दोन महिन्यांनी उघडावे. चांगल्या मुरघासाला आंबूस गोड वास येतो. काळा पडलेला किंवा बुरशी लागलेला भाग जनावराला घालू नये. मक्याचा मुरघास वाढ्यापेक्षा सरस. त्यासाठी मका दाणा दुधाळ असून घट्ट व्हायला लागला की कापावा.

खुराक किती?

संकरित गायीला अंगासाठी दीड किलो आणि दर अडीच लिटर दुधामागे एक किलो खुराक धरावा. दहा लिटरच्या गायीला दीड आणि चार मिळून साडेपाच किलो झाला. म्हशीचे दूध घट्ट, म्हणून तिला दर दोन लिटरमागे एक किलो. लसूणघास आणि मका चांगला असेल तर यात काटकसर करता येते. नुसत्या वाढ्यावर ठेवून खुराक वाढवीत नेणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे. पाणी मात्र कधी तोडू नये. शक्य तर गव्हाणीजवळ पाणी दिवसभर असावे. ज्याला दूध हवे त्याने पाणी मोजू नये.

वासरू जन्मल्यावर तासा-दोन तासांत चीक पाजावा. वार पडण्याची वाट पाहत थांबू नये. वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक दिवसभरात विभागून द्यावा. आजची कालवड म्हणजे अडीच-तीन वर्षांनंतरची घरची गाय. ती जगवली तर बाजारात जावे लागत नाही.

लसीकरण चुकवू नये. लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा, घटसर्प आणि फऱ्याची पावसाळ्यापूर्वी. २०२२ मध्ये लम्पी त्वचा रोगाने आपल्या राज्यातही पुष्कळ जनावरे दगावली. त्याचीही लस टोचून घ्यावी, आणि गोचीड, माश्या, डास यांचा बंदोबस्त ठेवावा.

दुसरा हिशेब : खताचा

आता दावणीच्या मागच्या बाजूला या. एक मोठे जनावर रोज साधारण १५ किलो शेण टाकते. चार जनावरांचे ६० किलो, वर्षाला २२ टन. कुजून ते निम्म्यावर येते. गव्हाणीतले उष्टे आणि खाली पसरलेले पाचट धरून वर्षाला १२ टन शेणखत तयार होईल. उसाला हेक्टरी २५ टन, म्हणजे एकरी १० टन शेणखताची शिफारस आहे. आपल्या गोठ्यातून वर्षाला एका एकराची सोय नीट होते. तीन एकरांवर चिमूट-चिमूट टाकण्यापेक्षा दर वर्षी ज्या तुकड्यात नवी लागण आहे तिथे पुरते घालावे. मग पाळीपाळीने सगळे रान खताखाली येते.

१२ टन शेणखतात अर्धा टक्का नत्र धरले तर ६० किलो नत्र झाले. ४५ किलोच्या युरियाच्या पोत्यांत मोजले तर जवळजवळ तीन पोती. ते सगळे पहिल्याच वर्षी लागू होत नाही हे खरे. पण शेणखत देते ते नुसते नत्र नाही. जमीन भुसभुशीत राहते, पाणी धरते, आणि घातलेले रासायनिक खत उसाच्या मुळाला मिळते.

यापेक्षा मोठी गोष्ट मूत्राची. एक जनावर रोज आठ लिटर मूत्र टाकते असे धरा. चार जनावरांचे ३२ लिटर, वर्षाला ११ हजार ६०० लिटरच्या वर. त्यात नत्र सुमारे एक टक्का. म्हणजे ११५ किलोंच्या आसपास नत्र, जवळजवळ साडेपाच पोती युरिया! शेणापेक्षा जास्त नत्र मूत्रात आहे, पालाशही भरपूर आहे, आणि आपण ते नालीतून गल्लीत सोडतो. अर्धे हवेत उडून गेले असे मानले, तरी पावणेतीन पोती वाचवता येतात. आपल्या रानातल्या पाचटाचा उपयोग इथे होतो. वाळलेल्या पाचटाची कुट्टी जनावराखाली पसरा. ती मूत्र शोषून घेते, जनावराचे अंग कोरडे राहते, कासदाह कमी होतो. सकाळी ओले पाचट शेणाबरोबर खड्ड्यात टाका. जमिनीला उतार देऊन नाली एका टाकीत सोडली तर उरलेले मूत्रही हाती येते.

खड्डा मीटरभर खोल आणि दोन मीटर रुंद असावा, लांबी जनावरांप्रमाणे. सावलीत असावा. दोन खड्डे करून एक भरला की शेणमातीने लिंपून बंद करावा आणि दुसरा सुरू करावा. चार-पाच महिन्यांत खत तयार होते. उन्हात पसरलेल्या उकिरड्यातले नत्र वाऱ्यावर जाते आणि पावसात वाहून जाते. वर्षभर गोळा केलेल्या शेणात शेवटी नुसता कचरा उरतो.

कच्चे शेण उसात घालू नये. हुमणीचे भुंगेरे अशा न कुजलेल्या शेणात अंडी घालतात आणि अळ्या खतातून थेट सरीत पोचतात. हुमणीने ऊस पिवळा पडल्यावर धावाधाव करण्यापेक्षा खत कुजवून घालणे सोपे.

६० किलो शेणावर दोन घनमीटरचा गोबरगॅस चालतो. घनमीटरला रोज २५ किलो शेण पुरते. घरचा स्वयंपाक होतो आणि बाहेर येणारी शेणकाल्याची मळी उसाला उत्तम. एकाच शेणाचे दोन उपयोग झाले.

पाचट जाळू नका

एकरी तीन ते चार टन पाचट निघते. काडी लावली की त्यातले नत्र आणि सेंद्रिय कर्ब धूर होऊन जातात, हाती राख राहते. हेक्टरी ८ ते १० टन पाचटातून ४० ते ५० किलो नत्र, २० ते ३० किलो स्फुरद आणि ७५ ते १०० किलो पालाश जमिनीला मिळू शकते. खोडव्यात बुडखे जमिनीलगत छाटून पाचट सरीत दाबावे. एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. तण कमी येते, पाण्याची पाळी लांबते, मे महिन्यातल्या उन्हात खोडवा टिकतो. एक-दोन टन पाचट गोठ्यासाठी बाजूला काढावे, बाकी रानातच राहू द्यावे.

सभासदांच्या शंका

प्रश्न : वाढे स्वस्तात मिळतात, मग बागायत रान चाऱ्यात कशाला अडकवायचे?
उत्तर : वाढे चार-पाच महिने मिळतात, गाय बारा महिने खाते. शिवाय वाढ्यावर कमी झालेले दूध आणि लांबलेले वेत यांचा खर्च मोळीच्या भावात दिसत नाही. दोन वेतांतले अंतर तीन महिन्यांनी वाढले, तर तीन महिने गाय फुकट पोसली असेच म्हणायचे.

प्रश्न : मजुराने कडब्याच्या पेंढ्या किंवा गव्हाचा भुसा आणला, तो सकस करता येतो का?
उत्तर : येतो. १०० किलो वाळल्या चाऱ्याला ४ किलो युरिया ५०-६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थरावर शिंपडावा, चांगला दाबून हवाबंद झाकावा, २१ दिवसांनी उघडावा. घालण्यापूर्वी तासभर पसरून वास जाऊ द्यावा आणि थोड्यापासून सवय लावावी. सहा महिन्यांच्या आतील वासरांना घालू नये. युरियाचे पाणी जनावराच्या तोंडाला लागेल असे कधीही ठेवू नये, जीव जातो.

प्रश्न : गोठ्याचे सगळे काम घरातली बाई करते. हिशेब कोणी लिहायचा?
उत्तर : तिनेच. शेण, पाणी, धार, कुट्टी हे सगळे जिच्या हातून होते तिला कुठली गाय किती खाते आणि किती देते हे बरोबर ठाऊक असते. दूध संस्थेचे सभासदत्व आणि बँकेचे खाते तिच्या नावावर असावे. गाय घ्यायची की विकायची, हे तिला विचारल्याशिवाय ठरवू नये. काम तिचे आणि निर्णय दुसऱ्याचा, असे असेल तर वहीतला कष्टाचा रकाना कायम कोराच राहतो.

वही कशी ठेवावी?

शंभर पानी वही पुरे. डाव्या पानावर गोठ्यातून शेतात काय गेले ते लिहा : शेणखताच्या गाड्या, स्लरी, दुधाच्या बिलातून उसाच्या खतासाठी दिलेले पैसे. उजव्या पानावर शेतातून गोठ्यात काय आले ते : नेपियर, मका, कडबा, वाढे, पाचट. शेवटच्या पानांवर प्रत्येक जनावराची तारीखवार नोंद : व्याली कधी, माजावर आली कधी, भरवली कधी, लस कधी टोचली. वर्षाअखेर बेरीज करा. विकत आणलेला चारा आणि विकत आणलेले खत दरसाल कमी होत असेल, तर शेती रुळावर आहे. दोन्ही वाढत असतील, तर जनावरे आणि रान यांचे माप बिघडले आहे, हे समजून पुढच्या लागणीआधी ते दुरुस्त करावे.

येत्या लागणीचे नियोजन करताना शेतकी विभागाच्या गट कार्यालयात येताना आपल्या जनावरांची संख्याही सांगावी. उसाबरोबर चाऱ्याचे किती गुंठे ठेवायचे, हे तेव्हाच ठरलेले बरे. एकदा सगळ्या रानात सऱ्या पडल्या की नेपियरला जागा उरत नाही.